तटस्थ माणूस

बत्तीस वर्षं मी नोटांच्या प्रेसमध्ये दोष शोधले.
ताव उजेडात धरायचा.
शाई कुठे पसरली, आकडा कुठे घसरला,
दिसला की लाल पेन्सिलीची रेघ.
निवृत्त होऊन जेलरोडच्या घरी बसले
तर सुनेच्या पोळीवर, भिंतीच्या पोपड्यावर,
आरशातसुद्धा
रेघ ओढायला हात शिवशिवायचा.

रविवारी सकाळी पांडवलेण्याच्या पायथ्याशी
उत्पलाताई मैत्री शिकवतात.
गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, म्हणतात.
आधी स्वतःला म्हणायचं, मी सुखी असो.
मी ते ओठांतल्या ओठांत म्हणायचे,
रेशनच्या दुकानात
जास्तीची साखर मागितल्यासारखं.

मग आवडतं माणूस. ते सोपं.
नातीच्या घामट मानेचा वास आठवला की झालं.

मग तटस्थ माणूस.
ना लोभ ना राग,
रस्त्यात दिसला तरी ओळखू येणार नाही असा.
मी गॅसवाला निवडला.
‘मावशी, ओटीपी,’ तो म्हणायचा,
मी चार आकडे सांगायचे,
दीड महिन्यातून एकदा,
एवढंच आमचं नातं.
सुखी असो, म्हटलं. निरोगी असो.
असे सहा रविवार.
पुढच्या वेळी आला तेव्हा
त्याच्या डाव्या खांद्यावर रुमालाची घडी दिसली.
चौथा मजला, लिफ्ट बंद.
पाणी दिलं. नाव विचारलं.
वाल्मीक. येवल्याकडचा.
बायको पैठणीच्या मागावर बसते,
तिचे डोळे हल्ली चुरचुरतात.
झालं. माझा तटस्थ माणूस गेला.

दुसरी शोधली, सिटीलिंकची कंडक्टर,
नखांना हिरवा रंग.
एका रविवारी ती बसवर नव्हती,
आणि मी, ओळख ना पाळख,
ड्रायव्हरला विचारलं, ‘पोरगी बरी आहे ना?’
तीही गेली.
कोपऱ्यावरचे अंडीवाले अन्सारीचाचा गेले,
गच्चीवरची टाकी धुणारा मुका पोरगा गेला.
पदराच्या गाठीतली चिल्लर संपावी
तशी तटस्थ माणसं संपत चालली.

ताई हसल्या. वर लेण्यांत घेऊन गेल्या.
दगडात कोरलेली ओळ होती,
बोट न लावता त्यांनी वाचून दाखवली.
हे लेणं म्हणे एका कोळ्यानं दिलं.
म्हटलं, हा टिकेल.
दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोळ्याबद्दल
मला काय वाटणार?
पण उतरताना, शंभराव्या पायरीच्या आसपास,
जाळं ओढून सोललेले त्याचे तळवे आठवले,
जणू मीच पाहिले होते.
आणि त्याच्या जाळ्यातले ते मासे?
तेही आलेच.

राहिला शेवटचा.
ज्याच्यावर राग आहे तो.
तुळशीराम भाऊजी.
माझ्या नवऱ्याच्या सलाईन लावलेल्या हातात पेन देऊन
देवळालीगावच्या घरावर सही घेणारा.
त्याला समोर आणते, डोळे मिटते,
उजेडात धरते.
सु–
एवढंच येतं. जीभ टाळूला चिकटते.
‘जबरदस्ती करू नका,’ ताई म्हणतात,
‘अर्ध्या शब्दाबरोबरच बसा.’

बसते.
बसल्या बसल्या प्रेस आठवते.
सदोष तावही आम्ही फेकत नव्हतो.
मोजायचा, रजिस्टरात नोंदवायचा,
एक जरी कमी भरला
तर संध्याकाळी गेट उघडत नसे,
तीनशे माणसं डबे घेऊन आत उभी.

तर हल्ली भाऊजींना मोजते.
सगळ्यांना मोजून झालं की
त्यांनाही. शेवटी. हिशेबात.
यापुढे काय ते मला ठाऊक नाही.

खाली पाथर्डी फाट्यावर बस उभी आहे.
पोरगी परत आली आहे.
नखं आज जांभळी.